गाळी

निपाणीत, तंबाखूच्या वखारींमागच्या आळीत
बिड्या वळणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी
एक पाळणाघर बांधायचं होतं.
जागा साडेतीन गुंठे. एक कडुनिंब, एक बुजवलेला आड,
आणि पश्चिमेला वखारीचं दार,
दिवसभर पोती गिळणारं, ओकणारं.

पहिल्या दिवशी मी टेप काढलाच नाही.
शिंकले. सात वेळा.
तीच त्या जागेची पहिली मोजणी.

परत येऊन कागदावर इमारतीची पाठ फिरवली.
दार पूर्वेला, खिडक्या पूर्वेला,
वखारीकडे कोरी भिंत, चौदा इंची,
दोन्ही अंगांनी गिलावा.
स्वच्छ होतं चित्र.
कॉलेजात अशा चित्राला गुण पडायचे.

हौसाक्कानं मांडीवरचं सूप सारलं,
नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
कागदाच्या कोपऱ्यावर ओल्या टेंभुर्णीच्या पानांचा ठसा.
"ह्यात मी कुठनं येणार?"
मी दार दाखवलं.
"ते पायांचं झालं.
पोरगं माझं आठ म्हैन्यांचं.
डोळ्यांनी न्हाई, नाकानं वळखतंय मला.
आळीच्या तोंडाला आली की ह्याचं रडं थांबतंय.
तुमी तर भिंत घातलीसा."

मग खोकली. बराच वेळ.
खोकला संपल्यावर हळू म्हणाली,
"वास माझा येऊ दे की बाई.
धुरळा तेवढा नगो."

बंगलेवाल्या कुठल्याच मालकानं
एवढी अवघड मागणी
एवढ्या थोड्या शब्दांत केली नव्हती.

गवंडी दुंडाप्पा चिकोडीकडचा.
विटा कन्नडात मोजतो, शिव्या मराठीत देतो.
ओलं बोट वर धरून म्हणाला, "गाळी हिकडनं."
गाळी म्हणजे वारा.
कुंपणापलीकडून लहानपणापासून ऐकत आलेला शब्द,
पण त्या दुपारी मला त्यात
चहाची गाळणी ऐकू आली.

कोरी भिंत खोडली.
एकाआड एक वीट सोडून जाळी,
आत दीड हातावर तशीच दुसरी,
हिच्या भोकासमोर तिची वीट.
मधल्या फटीत अडुळसा.
वारा सरळ घुसतो, वीट लागते, वळतो,
वळताना डोक्यावरचं ओझं टाकतो
पानांवर, विटांच्या कडांवर,
आणि रिकाम्या हातानं आत येतो.

पाजायला बसायचा कट्टा केवढा?
पुस्तकात अठरा इंच.
दुंडाप्पानं हौसाक्काला विटांच्या चळतीवर बसवलं,
पोर मांडीवर.
एक थर काढला. परत बसवलं.
"आता पाठ काय म्हणते?"
पाठ बरी म्हणाली. चौदा.

वर खानापुरी कौलं, त्यांत दोन काचेची.
फरशीवर उन्हाचे दोन चौकोन पडतात
आणि सकाळभर सरकत राहतात.
पोरं त्यांच्यामागे रांगतात.
दगड कुठं गार होतो, तिथं थबकतात.
मला वाटलं होतं, ती काच उजेडासाठी आहे.

बेळगावहून तपासणीला साहेब आले.
जाळीत बोटं घालून म्हणाले, काम अर्धं राहिलंय का?
दुंडाप्पा त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, दोघं हसले.
मला निम्मं कळलं. निम्मं पुरलं.

सव्वापाचला एका पाळण्यातलं डोकं
जाळीकडे वळतं.
आळीत अजून कुणी दिसत नाही.

दर शनिवारी सांभाळणारी ताई
ओल्या फडक्यानं विटांच्या कडा पुसते.
बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.
ते कुठं ओतायचं, हे माझ्या नकाशात नव्हतं.
"अडुळशाला घालू?" तिनं विचारलं.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.